कमावलेलं

ती खुर्ची उचलायला दोघी लागलो. मैत्रिणीच्या आईचं घर आवरायचं होतं. काकू आता लेकीकडे, लहान जागेत राहायला जाणार होत्या. न्यायचं काय, द्यायचं काय, टाकायचं काय, अशा तीन याद्या भिंतीला चिकटवलेल्या होत्या आणि खुर्ची त्यातल्या एकाही यादीत नव्हती. चार दिवस जो तो तिला वळसा घालून जात होता. शेवटी मी म्हटलं, मी नेते. काकू म्हणाल्या, "ने बाई. पण जड आहे हं, कंबर सांभाळ."

वजनकाट्यावर ती 26 किलो भरली. भरीव ओक. पाय चौकोनी, सात सेंटिमीटर जाडीचे, वरपासून खालपर्यंत एकसारखे. कुठे निमुळतेपणा नाही, नक्षी नाही, वळण नाही. हात इतके रुंद की त्यावर उघडं पुस्तक पालथं ठेवता येतं. बैठक आणि पाठ म्हणजे जाड कातड्याचे दोन सलग तुकडे, खालून आणि मागून पट्ट्यांनी ओढून पितळी बकलांनी आवळलेले. गादी नाही, स्प्रिंग नाही, कापड नाही. काका-काकूंनी तरुणपणी काही वर्षं युरोपात काढली, तिथे कुठेतरी ही त्यांनी वापरलेलीच विकत घेतली आणि परतताना जहाजातून आणली. बनवणाऱ्याचा शिक्का कुठेच नाही. एका पायाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काढलेला 3 हा आकडा आहे, आणि उजव्या हाताच्या खालच्या अंगाला धारदार पात्याने मारलेल्या नऊ बारीक रेघा. दोन्ही सुताराच्या खुणा असणार असं मी धरून चालले. कुठला पाय कुठे बसवायचा, कुठलं माप किती घ्यायचं, असं काहीतरी. कोणा नामवंताची सही असती तरी तिने मला इतका आनंद दिला नसता.

असल्या फर्निचरला जुन्या वस्तूंच्या बाजारात आता 'ब्रुटलिस्ट' म्हणतात. शब्द कानावर पडला की क्रौर्य आठवतं, पण त्याचं मूळ वेगळं आहे. फ्रेंचमध्ये 'ब्रूत' म्हणजे कच्चं, वरून काही न फासलेलं. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी 1952 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे पूर्ण केलेल्या प्रचंड निवासी इमारतीचं काँक्रीट तसंच उघडं ठेवलं होतं, त्याला ते 'बेतों ब्रूत' म्हणत. त्याच्या दोनेक वर्षं आधी स्वीडनमध्ये वास्तुकार हान्स आस्प्लुंड यांनी उप्साला गावच्या एका विटांच्या घराला उद्देशून थट्टेने 'नवा ब्रुटलिझम' असा शब्द वापरला होता. 1955 मध्ये समीक्षक रेनर बॅनहॅम यांनी त्याच नावाचा लेख लिहिला आणि थट्टेतलं नाव एका वास्तुशैलीला कायमचं चिकटलं. फर्निचरवर ते आलं फार नंतर, विक्रेत्यांच्या तोंडून. ज्यांनी ही खुर्ची, ही टेबलं बनवली त्यांनी स्वतःला ब्रुटलिस्ट म्हणवून घेतलं नव्हतं. त्यामुळे या नावाखाली आज वाट्टेल ते येतं. बेल्जियम-नेदरलँड्सकडची ती ओकची लांबलचक कपाटं, ज्यांच्या दारांवर छोटे छोटे पिरॅमिड ओळीने बसवलेले असतात, तीही यातच मोजतात. मला ती आवडत नाहीत. तिथे जाडपणा दाखवण्यासाठी आणलेला आहे, गरजेतून आलेला नाही.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. उघडं काँक्रीट ओतायचं तर आधी साचा लागतो, आणि तो साचा लाकडी फळ्यांचा होता. 1976 मध्ये उघडलेलं लंडनचं नॅशनल थिएटर बघा. वास्तुकार डेनिस लॅसडन यांच्या त्या इमारतीच्या भिंतींवर डग्लस फरच्या फळ्यांचे तंतू, गाठी, दोन फळ्यांमधल्या फटी, सगळं काँक्रीटमध्ये उमटलेलं आहे. फळ्या काढून घेतल्या, त्यांचा ठसा राहिला. म्हणजे ज्या शैलीला आपण काँक्रीटची म्हणतो तिच्या अंगावरची कातडी लाकडाची आहे. त्या हिशोबाने भरीव लाकडाची खुर्ची या घराण्यात उशिरा आलेली पाहुणी ठरत नाही.

पण 'कच्चं' हा अर्थ मला या खुर्चीला लावता येत नाही. वर्षभर तिच्यासोबत राहिल्यावर तर मुळीच नाही.

मराठीत कातडं 'कमावतात'. पैसा कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो, आणि कातडंही कमावतात. चर्मोद्योगाची सगळी प्रक्रिया या एका क्रियापदात आली आहे. न कमावलेलं कातडं दोन दिवसांत सडतं, नाहीतर वाळून पत्र्यासारखं कडक होतं. त्यातल्या प्रथिनांच्या धाग्यांना सडण्यापासून वाचवायचं तर त्यांना घट्ट धरून ठेवणारं काहीतरी त्यांच्यामध्ये शिरायला हवं. जुन्या पद्धतीत हे काम झाडं करायची. साल, फळं, लाकडाचे तुकडे पाण्यात भिजवले की त्यातून टॅनिन उतरतं, आणि त्या तुरट पाण्यात कातडं मुरत ठेवायचं. कुठे बाभळीची साल वापरली गेली, कुठे हिरडा, दक्षिण अमेरिकेत केब्राचो, ज्याच्या नावाचा अर्थच 'कुऱ्हाड मोडणारा' असा आहे. आणि युरोपात शतकानुशतकं वापरली गेली ओकची साल. ओकच्या सालीच्या खड्ड्यांत जाड कातडं वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ पडून असे. पाणी हळूहळू तीव्र करत न्यायचं. सुरुवातीलाच तीव्र केलं तर वरचा थर आवळून बसतो आणि आतलं कातडं कच्चंच राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची पद्धत आली आणि वर्षाचं काम दिवसांवर आलं. आज बहुतेक बॅगा-बूट त्या पद्धतीचे. ते कातडं मऊ असतं, पाणी सोसतं, रंग धरतं. पण काठाला उभं राहत नाही. खोगिरासाठी, पट्ट्यासाठी, माणसाचं वजन तोलणाऱ्या बैठकीसाठी लागणारा ताठपणा झाडाच्या सालीतून आलेल्या कातड्यातच असतो.

म्हणून ओकच्या चौकटीवर ताणलेलं कातडं मला दोन वेगळ्या वस्तूंची जोडणी वाटत नाही. झाड स्वतःला कीड-बुरशीपासून वाचवायला जे द्रव्य सालीत आणि गाभ्यात साठवतं, तेच द्रव्य त्या कातड्यात भरलेलं असतं. माझ्या खुर्चीचं कातडं ओकच्याच सालीत कमावलं असेल असा माझा दावा नाही. पण नाक जवळ नेलं की बैठकीचा आणि पायाचा वास एकमेकांत मिसळलेला येतो, आणि तो मला आता सुटा करता येत नाही.

लाकूडही कमवावं लागतं, फक्त आपण त्याला 'मुरणं' म्हणतो. कापलेल्या झाडात पाणी असतं. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवायच्या. युरोपातल्या सुतारांचा जुना ठोकताळा असा, की इंचभर जाडीला एक वर्ष. म्हणजे माझ्या खुर्चीच्या पायासाठी जवळपास तीन वर्षं. तीन वर्षं लाकडाची, वर्षभर कातड्याचं, आणि इतकं झाल्यावर सुतार पहिल्यांदा रंधा हातात घेतो. याला कच्चं कसं म्हणायचं? या खुर्चीत उघडं जे दिसतं ते सगळं मुरलेलं आहे. मुरलेलं असल्यामुळेच ते उघडं ठेवायचं धाडस झालं.

मुरल्यावरही लाकूड स्वस्थ बसत नाही हे आणखी एक. हवा दमट झाली की ते फुगतं, कोरडी झाली की आक्रसतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. लांबीच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही, वर्षवलयांना आडव्या दिशेने थोडं, वलयांच्या कडेने त्याच्या साधारण दुप्पट. लाकडाचा पातळ पत्रा चिकटवलेल्या कृत्रिम फळीला हा प्रश्न नसतो. भरीव लाकडात काम करणाऱ्याला मात्र प्रत्येक सांध्यात या हालचालीला जागा ठेवावी लागते. माझ्या खुर्चीत आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे तिचं बारीक कापलेलं टोक, पायाच्या खाचेतून आरपार जातं, पलीकडे बोटभर बाहेर येतं, आणि तिथे त्याच्या चिरेत पाचर ठोकलेली आहे. सगळं डोळ्यांसमोर. एकही स्क्रू नाही. सांधा लपवला असता तर तो किती चांगला आहे हे कोणाला कळलं नसतं, आणि ढिला झाला असता तर वेळेत दिसलाही नसता. युरोपातल्या उबदार, कोरड्या खोल्यांतून समुद्रावरून प्रवास करून ती पूर्ण वेगळ्या हवेत आली तरी तिचा एकही सांधा हललेला नाही. मागच्या डाव्या पायाला फक्त एक उभी भेग आहे. दमट महिन्यांत ती मिटते, नखसुद्धा आत जात नाही. कोरड्या दिवसांत पुन्हा उघडते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ती लाकडाचा भुसा आणि सरस भरून बुजवायला निघाले होते. एका जुन्या सुताराने हात धरला. म्हणाला, बुजवलीत तर फुगायच्या दिवसांत त्याला जागा राहणार नाही, मग दुसरीकडे फुटेल.

कातड्याच्या बाबतीत हेच शहाणपण मला डॅनिश फर्निचर-रचनाकार बोर्गे मोगेनसेन यांच्या कामात दिसतं. 1950 ची त्यांची हंटिंग चेअर आणि 1958 ची स्पॅनिश चेअर, दोन्ही ओकच्या, दोन्हीत खोगिराचं जाड कातडं. स्पेनच्या प्रवासात त्यांनी तिथल्या जुन्या धाटणीच्या खुर्च्या पाहिल्या होत्या, त्यातला कोरीवपणा गाळून फक्त सांगाडा आणि ताण ठेवला. मोठी गोष्ट म्हणजे बकलं. कातडं वजनाखाली ताणतं, लोंबतं, हे कोणीच टाळू शकत नाही. इतरांनी त्याच्याखाली फळी घातली, स्पंज घातला. मोगेनसेन यांनी बसणाऱ्याच्या हाती पट्टा दिला: ताणलं की आवळ. खुर्ची विकली त्या दिवशी काम संपलं असं न मानता पुढच्या पन्नास वर्षांतल्या एका छोट्या कामाची सोय त्यांनी ठेवली. माझी अनामिक खुर्ची याच विचाराची धाकटी बहीण आहे, हे तिची बकलं पाहिल्यावर मला उमगलं.

ब्राझीलची गोष्ट जरा निराळी, आणि मला तिथे थांबावंसं वाटतं. तिथले फर्निचर-रचनाकार सेर्जिओ रॉद्रिगेस यांच्याकडे ओत्तो स्तुपाकोफ नावाचे छायाचित्रकार आले. त्यांना आपल्या स्टुडिओत अंग टाकून पडता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यातून 1957 मध्ये 'मोले' आली. पोर्तुगीजमध्ये मोले म्हणजे मऊ, सैल. जाकारांदाच्या लाकडाच्या जाडजूड गोल दांड्यांची चौकट, त्यावर कातडी पट्ट्यांची जाळी, आणि त्या जाळीवरून दोन्ही बाजूंनी खाली ओघळणाऱ्या कातड्याच्या फुगीर उशा. त्या काळात फर्निचर म्हणजे काटकुळे पाय आणि हलकेपणा. त्यात ही अशी पसरलेली, शरीराला पसरू देणारी. 1961 मध्ये इटलीतल्या कांतू इथल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिला पहिलं पारितोषिक मिळालं. 'ब्रुटलिस्ट' म्हणजे टोचणारं, कडक, असं मानणाऱ्यांनी एकदा मोलेचं छायाचित्र बघावं.

त्या जाकारांदाचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. ते झाड आपल्या शिसवीच्याच कुळातलं, डाल्बर्जिया. काळपट जांभळ्या रेषांचं, दगडासारखं जड. फर्निचर, वाद्यं, लाकडाचे पातळ पत्रे यांसाठी ते इतकं तोडलं गेलं की 1992 मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याला सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत घालावं लागलं. आज जुनी खुर्ची देशाबाहेर न्यायची तरी कागदपत्रं लागतात. जंगल जात होतं तेव्हाच ते बघून हळहळलेला एक माणूस म्हणजे जोझे झानिने काल्दास. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या नोव्हा व्हिसोझा गावी राहून त्यांनी तोडून, जाळून टाकलेल्या रानात उरलेले ओंडके उचलले आणि होड्या कोरणाऱ्या स्थानिक कारागिरांच्या हातोटीने त्यातून आसनं, बाकं, टेबलं कोरली. ओंडक्याचा पोकळपणा, जळकी कड, बाक, सगळं ठेवून. या फर्निचरला नाव मिळालं 'मोव्हेइस देनुन्सिया', म्हणजे तक्रार मांडणारं फर्निचर. ते जड आहे कारण झाड जड होतं. माझ्या मते या शैलीतला जाडपणा सर्वात खरा कुठे असेल तर तो इथे.

फ्रान्सच्या पिएर शापो यांच्या एल्म नावाच्या झाडाच्या खुर्च्या-टेबलांचंही असंच. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते सहज चिरत नाही. म्हणून जुन्या काळी गाडीच्या चाकाचे तुंबे त्याचे करत. शापो यांनी त्याचे जाड तुकडे, उघडे सांधे आणि कातड्याची बैठक असा मेळ घातला. आणि त्याच सुमारास, 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून, सालीतल्या भुंग्यांमार्फत पसरणाऱ्या बुरशीची नवी लाट आली आणि पश्चिम युरोपातली कोट्यवधी एल्म मेली. त्या टेबलांवर हात ठेवला की ज्या उंच झाडांखालून लोक एकेकाळी चालत होते त्यांच्यावरच आपण हात ठेवतो आहोत.

आता माझ्या चुकीबद्दल.

खुर्ची घरी आली तेव्हा कातडं तहानलेलं होतं. मी पातळ थर देत, मध्ये आठवडा-आठवडा सोडत ते पोसलं. एकदम भरपूर तेल पाजलं की कातडं सैल आणि कायमचं काळं पडतं, हे वाचून ठेवलं होतं. लाकडाला कोमट पाण्याचं फडकं, मग मेण. हे सगळं नीट झालं. खुर्चीच्या डाव्या हाताच्या पुढच्या टोकाला मात्र एक निळसर काळा डाग होता. तळव्याएवढा, वेडावाकडा, लाकडात खोल उतरलेला. मेणाखाली तो आणखीच उठून दिसायला लागला. मी त्याचा अभ्यास केला. ओकमधलं टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की हा रंग तयार होतो. जुन्या हस्तलिखितांची काळी शाई याच रसायनाची: मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. मायफळ म्हणजे तरी काय, ओकच्याच एका जातीच्या फांदीवर किड्यामुळे धरलेली गाठ. म्हणजे खुर्चीच्या हातावर झाडाने स्वतःच शाई बनवली होती. हे वाचून मी हरखले, आणि हरखूनही तो डाग काढायचं ठरवलं. ऑक्झॅलिक आम्ल कोमट पाण्यात विरघळवून, हातमोजे घालून लावलं. तासाभरात शाई उडून गेली. लाकूड खाली स्वच्छ, पिवळट, नव्यासारखं. त्या संध्याकाळी मी समाधानात होते.

परवा काकू आल्या. आता काठी घेऊन चालतात. चहा ठेवेपर्यंत त्या खुर्चीत बसल्या होत्या. मी बाहेर आले तर त्यांचा डावा हात खुर्चीच्या हाताच्या टोकाशी गेला होता आणि अंगठा तिथेच गोल गोल फिरत होता.

"इथे डाग होता ना गं?"

मी म्हटलं, हो, काढला मी.

"ह्यांचा चाव्यांचा जुडगा. पावसातून आले की पहिल्यांदा तिथे टाकायचे. किती वर्षं मी सांगत होते, चाव्या पुसून ठेवा म्हणून." अंगठा थांबला नाही. "छान निघालाय. कळतसुद्धा नाही."

मला काही बोलता येईना. तो डाग परत आणता येत नाही. लोखंडाचा गंज आणि पाणी घेऊन कोणीही तिथे काळं करू शकेल, पण ते माझं काळं असेल. काकूंना माझा चेहरा दिसला असावा. त्यांनी विषय बदलावा तसं विचारलं, "पट्टे आवळलेस का? मला बसल्यावर उंच वाटतेय."

"मागच्या महिन्यात. एक भोक पुढे घेतलं."

"मग रेघ मारलीस का?"

मला कळेना. त्यांनी उजवा हात खुर्चीच्या हाताखाली घातला आणि बोटं चाचपडत नेली. "हे दर वेळी आवळले की चाकूने एक रेघ मारायचे इथे. मी म्हणायचे, कशाला चांगल्या लाकडाला ओरखडे. म्हणायचे, हिशोब नको का." त्या मनाशी मोजत होत्या. "नऊ. तुझी दहावी."

काठी टेकून त्या उठल्या. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली, आणि आम्ही दोघींनी मिळून खुर्ची हळूच आडवी केली.